फुकटची सॉफ्टवेअर, मराठी मजकूर आणि छापखान्याचा दरवाजा

फोटोशॉप, कोरलड्रॉ, इनडिझाइन, अ‍ॅक्रोबॅट आणि एमएस ऑफिसला फुकटचे पर्याय सुचवणाऱ्या याद्या ढिगाने मिळतात. त्यांतल्या बहुतेकांत दोन गोष्टी तपासलेल्याच नसतात. 'कीर्ती', 'ऱ्हास', 'क्षत्रिय' टाइप केल्यावर रफार योग्य अक्षरावर बसतो का आणि जोडाक्षर शाबूत राहतं का, ही पहिली. तयार फाइल नारायण पेठेतला छापखाना किंवा कोपऱ्यावरचा फ्लेक्सवाला कुरकुर न करता घेतो का, ही दुसरी. आम्ही प्रत्येक सॉफ्टवेअर याच दोन चाळण्यांतून गाळलं. आयकॉन जुनाट दिसतात वगैरे तक्रारींना इथे जागा नाही.

निकाल आधीच सांगून टाकतो. पत्रं, पावत्या, हिशेब, स्मरणिका, हँडबिल, रेडियम, साधा फ्लेक्स, ऑनलाइन फॉर्मचे फोटो हे सगळं एक रुपया न देता होतं. गाडी अडते ती कोरलड्रॉच्या जुन्या सीडीआर फाइलींवर आणि युनिकोडच्या आधीच्या जुन्या फॉन्टवर.

लिबरऑफिस

ओपनऑफिसमधून २०१० साली वेगळं झालेलं हे पॅकेज एमएस ऑफिसच्या जागी बसवायला सर्वांत योग्य. पण उघडल्या उघडल्या मराठी टाइप करायला घेतलं की लोक वैतागतात: स्टाइलमध्ये अक्षर १४ पॉइंट केलं तरी मराठी मजकूर ढिम्म हलत नाही. कारण लिबरऑफिस रोमन आणि देवनागरी लिपीसाठी फॉन्ट आणि आकार वेगवेगळे लक्षात ठेवतं. टूल्स > ऑप्शन्स > लँग्वेजेस अँड लोकेल्स इथे जाऊन 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'वर खूण करा आणि त्यापुढे मराठी निवडा. मग स्टाइलच्या फॉन्ट खिडकीत देवनागरीचा वेगळा विभाग दिसायला लागतो. बदल तिथे करायचा.

भाषा मराठी निवडण्याचा आणखी एक फायदा फार थोड्यांना माहीत असतो. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये हिंदी आणि मराठी वळणाची अक्षरं दोन्ही असतात. मजकुराची भाषा हिंदी राहिली तर 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे उमटतात. मराठी केली की पाकळीचा 'ल' आपोआप येतो. तेवढीही खटपट नको असेल तर तिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट घ्या, त्यात मुळातच मराठी वळण आहे. पुस्तकी मजकुराला तो शोभतोही. शीर्षकांना मुक्ता किंवा बालू. हे सगळे खुल्या परवान्याचे आहेत, म्हणजे विकायच्या पुस्तकातही बिनधास्त वापरता येतात.

वर्डच्या फाइली उघडतात, पण पानं सरकतात. कॅलिब्री आणि कँब्रियाच्या जागी त्याच मापाचे कार्लिटो आणि कॅलाडिया हे फॉन्ट लिबरऑफिससोबत येतात, त्यामुळे इंग्रजी पत्र जागच्या जागी राहतं. मंगल किंवा निर्मला यूआयला असा जोडीदार नाही. लिनक्सवर ती फाइल उघडली की दुसराच फॉन्ट बसतो आणि बारा पानांची तेरा होतात. पुढच्याला फक्त वाचायचं असेल तर पीडीएफ पाठवा. दुरुस्त करायचं असेल तर फाइल > प्रॉपर्टीज > फॉन्टमध्ये जाऊन फॉन्ट फाइलीतच बसवा.

कॅल्क सोसायटीच्या मेंटेनन्सच्या हिशेबाला पुरेसं आहे. लाख-कोटीचे स्वल्पविराम हवे असतील तर फॉरमॅट सेल्सच्या खिडकीत भाषा इंग्लिश (इंडिया) ठेवा आणि फॉरमॅट कोडच्या चौकटीत #,##,##0 लिहा. एक्सेलमध्ये कोणी मॅक्रो लिहून ठेवले असतील तर मात्र ते सगळे चालतील या भरवशावर राहू नका.

आता मंडळांच्या कामाचं: वर्गणीचं पावतीपुस्तक. ए-फोर कागदावर तीन पावत्या, एकूण ६००. बहुतेक जण पहिल्या पानावर १, २, ३ असे नंबर टाकतात आणि कापल्यानंतर सहाशे पावत्या हाताने लावत बसतात. त्याऐवजी कॅल्कमध्ये तीन रकाने करा: वरची, मधली, खालची. पहिल्या ओळीत १, २०१, ४०१; दुसरीत २, २०२, ४०२; दोनशेव्या ओळीत २००, ४००, ६००. छापलेल्या २०० कागदांचा गठ्ठा एकदम तीन भागांत कापायचा आणि एकाखाली एक ठेवायचा. १ ते ६०० क्रमाने तयार.

रायटरमध्ये पानाचे वरचे-खालचे समास शून्य करून तीन ओळींचा टेबल घ्या. पान २९.७ सेंटिमीटरचं असलं तरी तिन्ही ओळी ९.९ च्या करू नका, शेवटची ९.७ ठेवा. टेबलनंतर रायटर एक रिकामा परिच्छेद ठेवतोच, तो पुसता येत नाही आणि जागा उरली नाही की दुसऱ्या पानावर उडी मारतो. त्या परिच्छेदाचा आकार २ पॉइंट करा. प्रिंटर कागदाच्या कडेपर्यंत छापत नाही, म्हणून पावतीचा मजकूर कडेपासून सेंटिमीटरभर आत हवा. मग इन्सर्ट > फील्ड > मोर फील्ड्स > डेटाबेस इथून कॅल्कची फाइल जोडायची, तिन्ही रकाने आपापल्या जागी टाकायचे आणि प्रिंट द्यायचं. फॉर्म लेटर छापायचं का, असं तो विचारतो. हो म्हणा आणि आधी एकच फाइल म्हणून सेव्ह करून तपासा. या फाइलीत प्रत्येक पावतीपानानंतर कोरं पान आल्यासारखं वाटतं, कारण प्रत्येक नोंद पान क्रमांक १ पासून, म्हणजे विषम पानावर सुरू होते. प्रिंटच्या पर्यायांतली आपोआप घातलेली कोरी पानं छापण्याची खूण काढली की ती कागदावर उतरत नाहीत.

स्क्रायबस: स्मरणिका आणि हँडबिल

रायटरमधून काढलेली पीडीएफ झेरॉक्सला उत्तम, ऑफसेटला धोक्याची. त्यातला काळा रंग आरजीबी, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या पद्धतीचा असतो. छापखान्यात त्याचे चार रंग होतात आणि बारीक अक्षरं सायन, मॅजेन्टा, यलो, ब्लॅक अशा चारही प्लेटवर जातात. प्लेट केसभर सरकली तरी १० पॉइंटच्या मजकुराला लाल-निळी किनार येते. इथे स्क्रायबस लागतं, म्हणजे इनडिझाइनसारखं पानं मांडायचं सॉफ्टवेअर. त्याचा मूळ काळा रंग शंभर टक्के ब्लॅक एवढाच असतो, बाकी तिन्ही शून्य.

आवृत्ती १.६ किंवा त्यापुढचीच घ्या. ती जानेवारी २०२४ मध्ये आली. आधीच्या १.४ मालिकेत देवनागरी जोडाक्षरं फुटतात आणि वेलांटी भलतीकडे जाते. 'स्क्रायबसमध्ये मराठी येत नाही' हा समज त्या काळातला आहे.

नवी फाइल करतानाच चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) द्या. नंतर देता येतं, पण मग कडेला टेकवलेला प्रत्येक फोटो ओढत बसावं लागतं. सेंटर पिनची स्मरणिका असेल तर पानं चारच्या पटीत ठेवा, आणि पानं स्वतः जोडून देण्याचा उत्साह नको; छापखान्याला क्रमाने सुटी पानं लागतात. भगव्यासाठी सायन शून्य, मॅजेन्टा ६० ते ७०, यलो १००, ब्लॅक शून्य. सायन पाच टक्के जरी शिरला तरी भगवा मळकट दिसतो.

पीडीएफ काढताना सगळ्यांत जास्त घोळ एका पर्यायावर होतो. कलरच्या विभागात 'स्क्रीन / वेब' आणि 'प्रिंटर' अशी निवड असते. 'स्क्रीन' राहिलं की एवढ्या मेहनतीने लावलेले रंग पुन्हा आरजीबी होतात. 'प्रिंटर' निवडा. पीडीएफ-एक्स हा छपाईसाठीचा प्रकार यादीत दिसतच नसेल किंवा फिका दिसत असेल तर कलर मॅनेजमेंट बंद आहे. ते चालू करून छापखान्याने सांगितलेलं रंगांचं प्रोफाइल जोडा. प्रीफ्लाइट व्हेरिफायर कमी रिझोल्यूशनचे फोटो आणि चौकटीबाहेर सांडलेला मजकूर आधीच दाखवतो, त्याचे इशारे वाचून मगच पुढे जा.

स्क्रायबस फोटो फाइलीत साठवत नाही, फक्त पत्ता लक्षात ठेवतं. नुसती त्याची एसएलए फाइल पेन ड्राइव्हवर नेली की दुसऱ्या मशीनवर फोटोंच्या जागी रिकाम्या चौकटी. फाइल > कलेक्ट फॉर आउटपुट वापरलं की फोटो आणि फॉन्ट एका फोल्डरमध्ये येतात. उणिवा खऱ्या आहेत: टेबलं अवघड, १.६ मध्ये तळटिपांची धड सोय नाही, आणि अरुंद रकान्यात मजकूर दोन्हीकडून जुळवला की शब्दांमध्ये खिंडारं पडतात. तीन रकान्यांच्या पानावर डावीकडूनच जुळवा. तळटिपांचं संशोधनपर पुस्तक असेल तर स्क्रायबसचा नाद सोडा.

इंकस्केप: लोगो, रेडियम, फ्लेक्सची अक्षरं

कोरलड्रॉचं रोजचं काम इंकस्केपमध्ये होतं आणि मराठी नीट येतं. एका ठिकाणी मात्र नवखे हमखास फसतात. गाडीवर 'श्री गजानन प्रसन्न' रेडियममध्ये कापायचं आहे. टेक्स्ट निवडून पाथ > ऑब्जेक्ट टू पाथ केलं, फाइल दिली, आणि प्लॉटरने (रेडियम कापणाऱ्या यंत्राने) शिरोरेघ प्रत्येक अक्षरापाशी कापली. युनिकोड फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःची शिरोरेघ असते आणि शेजारच्या रेघेवर ती किंचित चढलेली असते. पडद्यावर अखंड दिसते, प्लॉटरला मात्र प्रत्येक अक्षराची कड वेगळी दिसते. म्हणून पाथ केल्यावर अनग्रुप करा, सगळं निवडा आणि पाथ > युनियन द्या. व्ह्यू > डिस्प्ले मोड > आउटलाइन लावून बघा: शब्दाच्या आत उभ्या रेघा दिसल्या तर युनियन झालेलं नाही.

पाथ केल्यावर शुद्धलेखन सुधारता येत नाही, तेव्हा आधीची एसव्हीजी, म्हणजे इंकस्केपची मूळ फाइल, वेगळी ठेवा. फ्लेक्सवाल्याला एसव्हीजी देऊ नका, कोरलमध्ये ती कधीकधी भलत्याच मापाने उघडते. पाथ केलेली पीडीएफ द्या आणि माप कागदावर लिहून द्या. फुटाला इंच या प्रमाणात फाइल केली असेल तर तसं स्पष्ट सांगा. सावली, धूसरपणा असे इफेक्ट पीडीएफमध्ये चित्र बनून जातात, त्यासाठी निर्यातीच्या खिडकीत डीपीआय (एका इंचातले ठिपके) वाढवावा लागतो. रंग आरजीबीच राहतात. त्यामुळे चार रंगांच्या ऑफसेट कामात इंकस्केपचा लोगो स्क्रायबसमध्ये आणून तिथे रंग पुन्हा लावायचे.

गिंप: फोटोचं काम

मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० पासून गिंपमध्ये फिल्टर लेयरवर कायमचे भाजले जात नाहीत. नंतर उघडून बदलता येतात. फोटोशॉपवाल्यांची जुनी तक्रार त्याने बरीचशी मिटली. मराठी टेक्स्ट नीट उमटतं. (फोटोशॉपमध्येही मराठी धड यायला कित्येक आवृत्त्यांत टाइपच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई पर्याय शोधून लावावा लागायचा, हे लोक सोयीस्कर विसरतात.)

सेव्ह म्हटलं की गिंप फक्त स्वतःची एक्ससीएफ फाइल करतं. जेपेगसाठी फाइल > एक्सपोर्ट अ‍ॅज. पीएसडी उघडते, पण त्यातला मजकूर चित्र होऊन येतो. मित्राने पाठवलेल्या पीएसडीत फक्त नाव बदलायचं असेल तर ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपिया बरं. जाहिराती सहन कराव्या लागतात, पण टेक्स्ट लेयर जिवंत राहतात आणि फाइल आपल्याच मशीनवर उघडते, कुठे अपलोड होत नाही.

नोकरीच्या फॉर्मसाठी बँकभरतीच्या आयबीपीएसची मापं उदाहरण म्हणून घ्या: फोटो २०० गुणिले २३० पिक्सेल, २० ते ५० केबी, सही १४० गुणिले ६० पिक्सेल, १० ते २० केबी. आधी २०:२३ या प्रमाणात क्रॉप, मग इमेज > स्केल इमेज. उलट क्रमाने केलं की चेहरा दाबला जातो. जेपेग एक्सपोर्टच्या खिडकीत प्रीव्ह्यूची खूण केली की क्वालिटीचा काटा सरकवताना केबीचा आकडा तिथेच दिसतो. कमाल मर्यादा ओलांडली जात असेल तर एक्झिफ आणि थंबनेलच्या खुणा काढा, क्वालिटी न घटवता काही केबी वाचतात. सहीची फाइल उलट फार लहान होते. तेव्हा क्वालिटी १०० करा.

पासपोर्ट फोटोचं पान: ४ गुणिले ६ इंच, ३०० डीपीआय, म्हणजे १२०० गुणिले १८०० पिक्सेल. ३५ गुणिले ४५ मिलिमीटरचा एक फोटो ४१३ गुणिले ५३१ पिक्सेल. पान आडवं धरून चारच्या दोन ओळी, आठ फोटो बसतात. लॅबला 'फिट टू पेज करू नका' असं बजावून सांगा, नाहीतर फोटो ३६-३७ मिलिमीटरचे होतात.

फ्लेक्स ३०० डीपीआयने करायचा नसतो. दहा बाय पाच फुटांचा फ्लेक्स ७२ डीपीआयला ८,६४० गुणिले ४,३२० पिक्सेल होतो आणि लांबून बघायला तेवढं पुरतं. एवढ्या आकारात ८ बिटचा एकेक लेयर साधारण १५० एमबी मेमरी खातो. आठ-दहा कार्यकर्त्यांचे फोटो, प्रत्येकाचा लेयर पूर्ण कॅनव्हासएवढा, आणि ८ जीबी रॅम: मशीन गुडघे टेकणारच. लेयर > क्रॉप टू कन्टेन्ट दिलं की लेयर फोटोपुरता लहान होतो. अक्षरं मात्र गिंपमध्ये टाकूच नका. पार्श्वभूमी गिंपमध्ये करा, इंकस्केपमध्ये आणा, अक्षरं तिथे टाका. दहा फुटांवरही कडा धारदार राहतात.

क्रिटा चित्रकारांसाठी उत्कृष्ट आहे आणि त्यात थेट सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार रंगांत, काम करता येतं. कॅनव्हाची मोफत बाजू शुभेच्छांच्या पोस्टपुरती. सीएमवायके पीडीएफ पैसे भरल्याशिवाय मिळत नाही. अफिनिटी हे डिझाइनचं सॉफ्टवेअर ऑक्टोबर २०२५ पासून कॅनव्हाच्या खात्यावर फुकट मिळतं, विंडोज आणि मॅकवर. इंग्रजी कामाला ते या सगळ्यांत सफाईदार आहे. मात्र त्याच्या आधीच्या आवृत्त्यांत देवनागरी जोडाक्षरं फुटायची, म्हणून उतरवल्यावर आधी 'कीर्ती' टाइप करून बघा आणि मगच काम हातात घ्या.

पीडीएफ

पानं जोडायला, तोडायला, फिरवायला पीडीएफसॅम बेसिक. स्कॅनिंगला नॅप्स-टू: साध्या कागदाला २०० डीपीआय, ग्रेस्केल. मजकूर शोधता यावा म्हणून त्यात मराठी ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखण्याची सोय. ओसीआरसाठी मात्र ३०० डीपीआय लागतं आणि पान सरळ हवं. तिरक्या पानावर शिरोरेघ ओळखण्यातच इंजिन गोंधळतं.

मराठी पीडीएफमधला मजकूर सुधारायच्या फंदात पडू नये. लिबरऑफिस ड्रॉ पीडीएफ उघडतं, पण प्रत्येक ओळ सुटी चौकट होते आणि जोडाक्षरांचे तुकडे पडतात. मूळ फाइल मिळवा. फॉर्मवर नाव टाकणं किंवा सहीचं चित्र चिकटवणं एवढंच असेल तर फायरफॉक्समध्येच होतं.

आधार क्रमांकावर काळा चौकोन ठेवून पीडीएफ पाठवणं म्हणजे काहीच न झाकणं. चौकोनाखालचा मजकूर कॉपी करता येतो. ड्रॉमधलं टूल्स > रिडॅक्ट पान चित्र करून देतं, ते वापरा. त्याहून सोपं म्हणजे यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून शेवटचे चारच आकडे दाखवणारं मास्क्ड आधार उतरवून घ्या. आणि डिजिटल सहीचा सातबारा कुठल्याही साधनातून जोडू किंवा आकाराने कमी करू नका. फाइल नव्याने लिहिली गेली की सही तुटते आणि बँकेत ती तपासताना अवैध दिसते.

जुन्या फाइली

श्री-लिपी आणि आयएसएम ही मराठी टाइप करायची जुनी सॉफ्टवेअर: श्री-लिपी पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची, आयएसएम इथल्याच सी-डॅकचं. पेठांमधल्या डीटीपीवाल्यांच्या कपाटातलं बरंचसं साहित्य अशाच फॉन्टांत आहे. त्यांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, म्हणून फॉन्ट नसलेल्या मशीनवर नुसता रोमन कचरा दिसतो. पेजमेकरच्या फाइली लिबरऑफिस ड्रॉ आणि स्क्रायबस दोन्ही उघडतात, पण हा कचरा तसाच येतो. युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर लावल्यावर रफार, 'द्ध', 'श्र' आणि अवतरणचिन्हं आधी तपासा. 'ऱ्या' युनिकोडमध्ये दोन पद्धतींनी साठवला जातो. दिसायला एकच, पण शोधताना एक सापडतो तर दुसरा निसटतो. फाइंड अँड रिप्लेसने आधी एकच पद्धत करून घ्या, मग मुद्रितशोधन.

सीडीआर फाइली इंकस्केप उघडतं, पण नव्या आवृत्त्यांच्या बऱ्याचदा उघडत नाहीत आणि उघडल्या तरी मजकूर विस्कटतो. डीटीपीवाल्याकडे 'कर्व्ह करून पीडीएफ' मागा, म्हणजे अक्षरांचे आकार करून दिलेली. दोन मिनिटांचं काम आहे. ज्यांच्याकडे दिवसभर गिऱ्हाइकांच्या सीडीआर येतात त्यांनी कोरलड्रॉचा परवाना घ्यावा, तिथे फुकटचा हट्ट वेळखाऊ ठरतो. 'क्रॅक टाकून देतो' म्हणणाऱ्याला मात्र मशीनला हात लावू देऊ नका.

उतरवताना शोधयादीत सर्वांत वर दिसणाऱ्या जाहिरातीवर क्लिक करू नका. गिंपच्या नावाने खोटं इन्स्टॉलर याच वाटेने पसरलेलं आहे. गिंप आणि इंकस्केप मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर फुकट आहेत. लिबरऑफिसला तिथे पैसे लागतात, तेच लिबरऑफिस त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं.